तेल आहे तोवर

येरुशाबाई वाकरूळकरांनी धारवाडच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्या चौतीस वर्षांत इस्राएल हा देश दोन शब्दांत उरकला. संत्री आणि ठिबक सिंचन. आपण स्वतः यहुदी आहोत, आपला एकुलता एक मुलगा तिथे अश्दोदला असतो, आपण स्वतः दोन वर्षांच्या असताना तिथे जाऊन चौथ्या वर्षी परत आलोय, यातलं एक अक्षर त्यांनी वर्गात काढलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "पुस्तकात नाही ते परीक्षेत येत नाही. पुढे चला."

तर अशा बाईंना इस्राएलला न्यायला त्यांचा नातू आला.

मुलाचा, निस्सीमचा, आधीच फोन येऊन गेला होता. "आई, शहात्तर झाली तुला. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. आपल्यातलं कोण उरलंय तिथे? मी योतामला पाठवतोय. तो तुला घेऊनच येईल."

"घेऊन यायला मी काय गाडीत विसरलेली छत्री आहे?" येरुशाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण फोन ठेवल्यावर त्या हसल्या, आणि दहा वर्षांत न काढलेली मोठी कढई त्यांनी माळ्यावरून खाली काढवून घेतली.

कारण बाईंच्या मनात वेगळंच शिजत होतं. योताम चोवीस वर्षांचा. येत्या पाच तारखेला त्याला राखीव सैनिक म्हणून पलटणीत हजर व्हायचं होतं, आणि ते काही पहिल्यांदा नव्हे, चौथ्यांदा. आधीच्या तीन वेळा येरुशाबाईंनी टीव्हीसमोर बसून काढल्या होत्या, आवाज बंद करून. आता पोरगा आपल्या पायांनी धारवाडात येतोय म्हटल्यावर त्यांनी मनाशी पक्कं केलं, की ह्याला परत जाऊ द्यायचं नाही. तो न्यायला येतोय ना? येऊ दे. बघू कोण कुणाला नेतं.

गोव्याहून हंपीला जाणारी इस्राएली पोरं हुबळी जंक्शनला गाडी बदलतात, हे तिथल्या चहावाल्यालासुद्धा पाठ आहे. योतामही तसाच आला, फक्त उलट्या बाजूने, हंपी बघून. पाठीवर मोठी पिशवी, डोक्यावर अंबाडा, आणि कपड्यांना तेलाचा भपकारा. त्याने घरून ऑलिव्हच्या तेलाच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, त्यातली एक हंपीच्या दगडांवर फुटली होती. भपकारा येतोय हे समोरच्या अंबूताईंनी सांगितलं म्हणून कळलं. येरुशाबाईंचं नाक कोविडात गेलं ते परत आलंच नव्हतं.

"अगं बया!" आजीला बघून योताम म्हणाला. त्याचं सगळं मराठी अश्दोदच्या म्हाताऱ्यांकडून उचललेलं. त्याला कोण काय करणार?

तो दिवस नाताळचा होता. संध्याकाळी योतामने पिशवीतून एक पितळेची घडीची दिवली काढली. एका ओळीत आठ काचेच्या इवल्याशा वाट्या आणि नववी जरा उंचावर.

"आजी, आज हनुक्काचा पहिला दिवा. तू कुठे लावतेस?"

"मी नाही लावत."

"म्हणजे?"

"आपल्यात नसतं ते."

योताम त्यांच्याकडे बघतच राहिला. पण बाई काही अगदीच उडवाउडवी करत नव्हत्या. कोकणातल्या बेने इस्राएलांची पूर्वापार कहाणी अशी, की आपली सात जोडपी गलबत फुटून नौगावच्या किनाऱ्याला लागली ती मक्काबींच्या लढाईच्याही आधी. म्हणजे मक्काबींनी जेरुसलेमचं मंदिर शत्रूकडून सोडवलं, तिथे एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, तो सगळा चमत्कार ह्यांच्या पाठीमागे झाला. आपण उंबरा ओलांडल्यावर घरात बारसं झालं, तर पेढा कुठून मिळणार? पुढे बाहेरच्या यहुद्यांनी शिकवलं तेव्हा बऱ्याच घरांत हा सण आला. येरुशाबाईंच्या घरातही आला होता. पण त्यांचे बाबा पन्नास साली मोठ्या उमेदीने इस्राएलला गेले, दोन वर्षांत परत आले, आणि आल्या आल्या त्यांनी घरातली आठ वातींची दिवली भंगारात दिली. त्यानंतर 'आपल्यात नसतं' एवढंच.

"मग आपल्यात असतं काय?" योतामने विचारलं.

"शनिवार," आजी म्हणाली. "कोकणात आपले लोक तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी बैल सोडून द्यायचे. लोक म्हणायचे, हे शनिवार-तेली. दोन हजार वर्षं ना मंदिर, ना राज्य, ना फौज. एक बैल सोडायचा आणि गप्प बसायचं. झाला धर्म."

"तेली!" योताम आनंदाने ओरडला. "आणि ह्या तेलाच्याच सणाला तू नाही म्हणतेस?"

यावर भूगोलाच्या बाई कांदा चिरायला गेल्या.

योतामने दिवली रस्त्याकडच्या खिडकीत मांडली. ती खिडकीतच हवी, लोकांना दिसायला हवी, असा दंडक. तो उंचावरच्या वाटीतली वात पेटवून तिने दुसरी लावायला गेला, तेवढ्यात समोरच्या घरातून अंबूताई धावत आल्या. अंबूताई तहसील कचेरीतून रिटायर झालेल्या, येरुशाबाईंपेक्षा दोन महिन्यांनी मोठ्या, आणि केलगेरीच्या त्या गल्लीत कुणाच्या खिडकीत काय चाललंय याची नोंद ठेवणं अजूनही त्यांच्याच टेबलावर होतं.

"अय्यो, थांब रे बाळा! दिव्यावर दिवा लावू नये!"

"आमच्यात लावतात. तो उंच दिवा नोकर. त्याचं काम तेवढंच, दुसऱ्यांना पेटवायचं."

"असं होय. आणि लावून झाल्यावर?" अंबूताईंनी खुर्ची ओढली, मेथीची जुडी मांडीवर घेतली आणि त्या उजेडात निवडायला बसल्या.

"नाही, नाही! ह्या उजेडात काम करायचं नाही. नुसतं बघायचं."

"नुसतं बघायचं?" अंबूताईंनी मेथी खाली ठेवली. "येरू, भलताच ऐतखाऊ दिवा आहे की गं तुमचा."

योतामने हिब्रूत प्रार्थना म्हटली. पहिली वात पेटली. येरुशाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, पदर नकळत डोक्यावर गेला होता. मग योतामने तेलाची बाटली उजेडाला धरली. "एक फुटली, त्यामुळे हे पाच दिवस पुरेल. मग मी गोकर्णला मित्रांकडे जाईन, तिथून घरी. तेल आहे तोवर मी आहे, आजी. तेवढ्यात तुला तयार करतो."

तेल आहे तोवर मी आहे. पोरगा सहज बोलून गेला. आजीने मात्र बोटांवर दिवस मोजले. आठही दिवस नाहीत? पाचच?

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही आघाड्यांवर लढाई सुरू झाली. योताम दिवा लावताना रोज एक मुद्दा मांडायचा, आजी रोज तो खोडायची, आणि अंबूताई पंच म्हणून बसून चकल्या खायच्या.

"मक्काबींनी आधी घर मिळवलं, मग दिवा लावला," योताम म्हणायचा. "आधी आपलं घर, मग दिवा. म्हणून हनुक्का म्हणजेच आपला देश. झायोनिझम दुसरं काय आहे?"

"घर आहे की मला. घरपट्टी भरते."

"आजी, मस्करी नको."

"मस्करी कसली? पावती दाखवू?"

आजीची चढाई वेगळी होती. तिने पोराला खायला घालायला सुरुवात केली. सकाळी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वरून करडईच्या तेलाची धार. दुपारी झुणका, त्यावर पुन्हा तीच धार. संध्याकाळी बाहेरची मिरचीभजी आणि चुरमुऱ्यांचं गिरमिट. तिसऱ्या दिवशी योतामने अंबाडा सोडला, लुंगी नेसली आणि वाढणाऱ्या हाताला कानडीत "साकु, साकु", म्हणजे पुरे, म्हणायला शिकला. आजीला वाटलं, जमतंय. तिने गुपचूप कृषी विद्यापीठाचं प्रवेशपत्रक मागवून टेबलावर ठेवलं, नजरेला पडेल असं.

त्यात अंबूताईंच्या मुलाने, सुमंतने, भर घातली. सुमंतची केलगेरी तळ्यापलीकडे आंब्याची बाग. इस्राएलचा माणूस शेजारी उतरलाय म्हटल्यावर त्याने योतामला स्कूटरवर घालून बागेत नेलं आणि ठिबकच्या नळ्या दाखवल्या. "बघा की जरा. ह्या ओळीला पाणी कमी का येतंय?"

"मला नाही माहीत," योताम म्हणाला. "मी पाचव्या मजल्यावर राहतो. माझा मनीप्लांट मेला."

सुमंतला ते खरंच वाटेना. इस्राएलचा माणूस आणि ठिबक माहीत नाही? "लाजतोय," तो घरी येऊन आईला म्हणाला. "मोठी माणसं अशीच असतात." दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या दोन शेतकऱ्यांना घेऊन आला. योताम त्यांच्यापुढे नळीला हात लावून गंभीरपणे उभा राहिला, काडीने भोकातली माती काढली, पाणी आलं, आणि त्याची कीर्ती पार कलघटगीपर्यंत गेली. बाई चौतीस वर्षं पोरांना जे शिकवत होत्या त्याचंच हे फळ, दुसरं काय?

शुक्रवारी तिसरा दिवा. सकाळीच योताम चिगरी बसने हुबळीला जाऊन आला. तेल पुरणार नाही हे त्याला खटकत होतं. कोप्पीकर रोडच्या एका मोठ्या दुकानात ऑलिव्हचं तेल मिळतं असं त्याला कळलं होतं. दुपारी तो रिकाम्या हाताने परत आला.

"का रे? नव्हतं?"

"तीन होती. एक इटलीचं. म्हणजे रोमन! त्यांनी आपलं मंदिर पाडलं. दुसरं स्पेनचं. त्यांनी आपल्याला हाकलून दिलं. तिसरं..." तो खाली बसला. "तिसरं ग्रीसचं. आजी, ग्रीकांशीच तर ही लढाई!"

येरुशाबाई इतक्या हसल्या की अंबूताई समोरून विचारायला आल्या. "म्हणजे दुश्मनाखेरीज कुणी ऑलिव्ह पिकवतच नाही की काय?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "अरे, तेल ते तेल. लाव शेंगदाण्याचं."

"नाही. आपल्या मातीतलं हवं. नाहीतर काय अर्थ?"

"बरं बाबा, मग पाच दिवस तर पाच दिवस," आजी म्हणाली. हसू तिथेच थांबलं. शनिवारची तयारी करायची म्हणून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. अंबूताईंनी एकदा आतल्या दाराकडे बघितलं, एकदा खिडकीतल्या बाटलीकडे, आणि उठल्या.

शनिवारी चौथा दिवा झाला. रविवारी पाचवा झाला. रोज एक वाटी जास्त, रोज तेल जास्त. हिशेबाने रविवारी बाटली कोरडी व्हायला हवी होती. पण सोमवारी सकाळी योतामने बाटली खिडकीशी उचलून धरली, तर अर्धी भरलेली.

त्याने बाटली जागेवर ठेवली आणि आजीकडे एक चमत्कारिक नजर टाकून सुमंतबरोबर बागेकडे गेला.

असल्या गोष्टींवर येरुशाबाईंचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि बाटली अर्धी असणं वेगळं. त्या बाटलीसमोर उभ्या राहिल्या. "एलियाहू हन्नाबी," त्या हळूच म्हणाल्या, "पोराला सुखरूप ठेव, तुला मलिदा करीन." कोकणातून आल्यापासून त्यांच्या घरात संकटसमयी ह्याच संदेष्ट्याला हाक मारायची आणि पोहे-गूळ-खोबऱ्याच्या मलिद्याचा नवस बोलायचा. तो रिवाज बाबांनी भंगारात दिला नव्हता.

दुपारी बाई जरा आडव्या झाल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खुडबुड झाली म्हणून उठून बघतात तर खिडकीशी अंबूताई. डाव्या हातात ती बाटली, उजव्या हातात किटली, आणि ओठ दाताखाली.

"अंबू! काय करतेस?"

अंबूताई दचकल्या, पण धार चुकली नाही. तहसील कचेरीचा हात तो. "ओरडू नकोस, सांडेल. तेल घालते, दुसरं काय."

"कसलं तेल?"

"करडईचं. दाजीबानपेठेत गोविंदशेटच्या दुकानातलं, ताजं, घाण्याचं. शनिवारपासून घालते थोडं थोडं." झाकण लावून त्यांनी बाटली पदराला पुसली. "परमुलखात आलेल्या पोराचं तेल असं मधेच संपू नये गं. बरं दिसत नाही. शिवाय तोच म्हणाला ना, तेल आहे तोवर मी आहे? मग? तू आत जाऊन रडणार, मी समोर बसून बघणार?"

"मी नव्हते रडत."

"हो की. कांदा होता."

येरुशाबाई खुर्चीवर बसल्या. आधी त्यांना हसू आलं, मग राग आला, मग एकदम वाटलं की आता हे पोराला सांगायला हवं. चौतीस वर्षं पोरांच्या खोट्या आजारांवर छड्या मोडलेल्या बाई त्या. पण सांगितलं तर तो उद्या गोकर्णची गाडी धरणार. न सांगितलं तर अजून तीन दिवस.

"अंबू," त्या म्हणाल्या, "किटलीत अजून आहे का?"

"डबा भरून आहे."

"मग घाल अजून जरा."

संध्याकाळी सहा वाती पेटल्या. योताम बाटलीकडे बघत म्हणाला, "आजी, तेल संपत नाहीये."

"दिसतंय."

"याला काहीतरी अर्थ असेल."

"अर्थ सरळ आहे," येरुशाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "तेल आहे तोवर तू आहेस. तूच म्हणालास. मोठ्या शब्दाचे लोक ना तुम्ही?"

अंबूताईंना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना, म्हणून त्या पाणी प्यायला आपल्या घरी गेल्या.

सातव्या दिव्याच्या दिवशी मस्करी संपली. मुद्दा योतामनेच काढला. "आजी, पणजोबा परत का आले? पप्पा सांगत नाहीत."

आजीने वातींकडे बघत सांगितलं. त्यांना स्वतःला आठवत होता तो फक्त एक तंबू आणि वाळूत रुतलेली लाल चप्पल. बाकीचं बाबांनी सांगितलेलं. बाबा पक्के झायोनिस्ट, मुंबईत सभांना जायचे, हिब्रू शिकले, सगळं विकून गेले. आणि तिथे कामावरच्या एकाने विचारलं, तुम्ही नक्की यहुदीच ना? असे सावळे कसे? तुमच्याकडे हनुक्कासुद्धा नव्हता म्हणे. "ज्या घरी दोन हजार वर्षांनी गेलो, त्या घराने दारातच विचारलं, तुम्ही कोण? मग बाबा इतर काही जणांबरोबर रस्त्यावर जाऊन बसले. आम्हाला परत पाठवा म्हणून. इथे मला आजवर कुणी विचारलं नाही रे, नक्की यहुदीच का म्हणून. सुरुवातीला विचारतात, तुम्ही ख्रिश्चन का, बोहरी का. सांगितलं की म्हणतात, बरं, चहा घेणार का."

"त्यांनी चूक केली," योताम म्हणाला. "फार मोठी चूक. पण आजी, तुमचं गलबत कोकणात फुटलं. बैल सोडला तरी चाललं. सगळ्यांची गलबतं कोकणात नाही फुटली. बाकीच्यांना दिवा खिडकीतून काढून तळघरात लावायला लागला, आणि तरी घरातून ओढून नेलं. त्यांना जायला कुठेतरी एक दार हवं होतं. त्या दारावर उभं राहायला कुणीतरी हवं."

"तूच का?"

"माझ्या शेजारी उभा असतो तोही कुणाचा तरी नातूच असतो, आजी."

"आणि समोर असतो तो?" येरुशाबाईंनी विचारलं.

योतामने मान खाली घातली. "तोही," तो अगदी हळू म्हणाला. "मला झोप येत नाही म्हणूनच मी हंपीला गेलो होतो. तिथे पण नाही आली. इथे येते."

आजीने हात पुढे करून त्याचं डोकं जवळ ओढलं. ज्या उजेडात काम करायचं नाही, त्या उजेडात सातही वाती विझेपर्यंत त्या त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. अंबूताई दारापर्यंत आल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या.

बुधवारी आठवा दिवा. सगळ्या वाट्या भरल्या, नवाच्या नऊ ज्योती उभ्या राहिल्या, रस्त्यावरून जाणारी पोरं थांबून बघायला लागली. अंबूताईंनी एवढी दिवली भरलेली बघून राहवेना म्हणून तिला हळदकुंकू वाहिलं, आणि योतामने तेही चालवून घेतलं. येरुशाबाईंनी तोंडपाठ भाषण तयार ठेवलं होतं, विद्यापीठाच्या प्रवेशपत्रकासकट. पण तोंड उघडल्यावर भलतंच बाहेर पडलं.

"जाऊ नकोस रे बाळा," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते."

"मला पण वाटते," योताम म्हणाला. "तू चल माझ्याबरोबर."

"माझं सगळं इथे आहे. तुझे आजोबा इथे आहेत."

"माझंही सगळं तिथे आहे."

म्हणजे झालं. आठ दिवसांचा वाद दोन वाक्यांत मिटला आणि कुणीच जिंकलं नाही. बाटलीत मात्र तेल गळ्यापर्यंत होतं.

गुरुवारी सकाळी धारवाड स्टेशनवर बेंगळूरच्या गाडीची वाट बघत तिघं उभी होती. नवस फेडायला पोरगं सुखरूप परत यायला हवं हे बाईंना ठाऊक होतं, पण त्यांनी पहाटे उठून मलिदा केलाच होता. एलियाहूला आगाऊ दिलेला बरा. डबा योतामच्या पिशवीत कोंबताना त्यांना राहवेना. पोरगा खोट्या चमत्काराचा भरवसा घेऊन तिकडे जाणार? उद्या म्हणेल, माझं तेल संपत नाही, मला काय होतंय? पुढे जाऊन उभा राहील.

"योताम, तुला एक सांगायचंय. त्या बाटलीतलं तेल..."

"करडईचं," योताम म्हणाला.

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आजी, आठ दिवस तू मला तेच तेल भाकरीवर घातलंस, चटणीवर घातलंस, झुणक्यावर घातलंस. मला वास कळणार नाही? शनिवारीच कळलं. वाती पेटवल्या आणि खोलीभर झुणक्याचा वास. मला वाटलं, तूच घालतेस."

"मी घालत होते," अंबूताई म्हणाल्या. ह्या बाबतीत त्यांना श्रेय सोडायचं नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?" येरुशाबाईंचा आवाज चढला. "आपल्या मातीतलंच हवं म्हणत होतास ना? तीन देशांची तेलं नाकारून आलास! मग करडईवर पाच दिवस प्रार्थना कशी म्हटलीस?"

योताम हसला. "मी म्हणालो होतो, तेल संपलं की मी जाईन. मला जायचं नव्हतं, आजी. कुणीतरी ते संपू देत नव्हतं. मी कशाला बोलू?"

गाडी आली. तो चढला, दारात उभा राहिला, आणि गाडी सुटता सुटता ओरडला, "अगं बया, रडू नकोस! बाटली तिथेच ठेवलीय! पुढच्या वर्षी..." पुढचं ऐकू आलं नाही. पासोव्हर सणाच्या रात्री यहुदी दरवर्षी म्हणतात ते 'पुढच्या वर्षी जेरुसलेमला', की 'पुढच्या वर्षी धारवाडला', हे दोघींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. चिगरी बसमध्ये त्यावरून त्यांचं भांडणसुद्धा झालं.

संध्याकाळ झाली. येरुशाबाईंनी खिडकीतली दिवली पुसून, घडी घालून ठेवायला हातात घेतली. खिडकी बोडकी दिसायला लागली. मग त्यांनी दिवली पुन्हा मांडली, फक्त एका वाटीत वात घातली, आणि बाटलीचं बूच काढलं.

समोरून अंबूताई आल्याच. "येरू, आठच ना गं तुमच्यात?"

"आठच."

"मग हा नववा कसला?"

"पोरगं पोचल्याचा फोन येऊ दे."

अंबूताई खुर्ची ओढून बसल्या. फोन शुक्रवारी दुपारी आला. पोचलो, मलिदा विमानातच संपला, पप्पा रागावलेत तू आली नाहीस म्हणून. येरुशाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, जेवलास का विचारलं, आणि फोन ठेवला. रविवारी पाच तारीख होती.

शुक्रवारी संध्याकाळी खिडकीत दिवा होता. शनिवारी होता. रविवारीही होता. सोमवारी अंबूताई किटली घेऊन आल्या तर येरुशाबाई आधीच पदर खोचून बाटली भरत होत्या, डोळे बारीक करून, एक थेंब न सांडता.

"आता कशाला गं?" अंबूताईंनी विचारलं. "पोचला की तो."

"पोचला. पण परत यायचाय ना अजून." बाईंनी बूच लावलं. "आणि तू ती किटली इथेच ठेव. रोज रोज समोरून कुठे आणत बसतेस?"

"तुमच्यात चालतं का असं, रोजच्या रोज?" अंबूताईंनी किटली खिडकीशी ठेवत विचारलं.

"नव्हतं," येरुशाबाई म्हणाल्या. "आता असतं."